शिवेबाहेरची क्लचप्लेट

माझे भाऊजी भिवाजी यांच्याइतका हट्टी माणूस सौंसर तालुक्यात दुसरा नव्हता, आणि असलाच तर तो मी. मी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पार्सल क्लार्क होतो. दिवसभर लोकांच्या टोपल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यावर खेकसायचं, हे माझं काम. चार इंग्रजी शब्द येत होते, त्यामुळे आपल्याला सगळंच येतं असा माझा समज होता. तो समज कसा उतरला तेच सांगतो.

भाऊजींची गाडी म्हणजे लढाईतला ट्रक. लढाई संपल्यावर सरकारनं शेकड्यांनी असले ट्रक लिलावात काढले, त्यातला हा एक. चपट्या नाकाचा शेव्हरोले, मागं बाभळीच्या फळ्यांची बॉडी. सौंसरच्या बागांमधली संत्री पांढुर्ण्याला आणायची, हा त्याचा धंदा. सौंसरला रेल्वे आहे, पण ती छोटी लाइन. दिल्लीकडे जाणारा माल मोठ्या लाइनवर चढवायला पांढुर्ण्यालाच यावं लागतं. मधले वीस-बावीस मैल ही गाडी धावायची आणि त्या वीस-बावीस मैलांत भाऊजींना रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा ओळखत होतं. माझी बहीण केसरबाई म्हणायची, सवत असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

छप्पन सालच्या ऑगस्टमध्ये, सरकीची पोती भरलेली असताना, एका चढावर गाडीचा क्लच गेला. जळका वास आला, इंजिन गुरगुरत राहिलं आणि चाकं जागची हलेनात. बैल लावून गाडी घरी ओढून आणली. भाऊजींनी अंगणात गिअरबॉक्स खाली उतरवला आणि आतली प्लेट काढली. ताटाएवढी गोल चकती, मधोमध भोक, भोकाला आतून दात. ते दात गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसतात, तेव्हा इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जातो. चकतीवरचं अस्तर जळून कोळसा झालं होतं.

एरवी यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच महिन्यात राज्यं नव्यानं मांडायचं ठरलं. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात, आणि आम्ही मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्ण्याचे लोक मध्यप्रदेशातच, राजधानी मात्र भोपाळ. भोपाळ कुठे आहे हे मला पार्सलच्या दरपत्रकावरून माहीत होतं, बाकीच्यांना तेवढंही नाही. भाऊजींचं परमिट नागपूरचं. तिथल्या ऑफिसातल्या एका बाबूनं स्पष्ट सांगितलं की एकतीस ऑक्टोबरपर्यंत गाडी तपासून घेतली तर परमिट नव्या राज्यात चालू राहील. नंतर आलात तर नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला लढाईतली गाडी चालणार नाही. गाडी ओढून आणलेली नको, स्वतःच्या दमावर आली पाहिजे. भाऊजी पंचावन्नचे, एका डोळ्यानं कमी दिसायचं. दुसऱ्याच्या गाडीवर त्यांना कोण ठेवणार? परमिट गेलं की गाडी गेली आणि गाडी गेली की भाऊजींचं सगळंच गेलं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मी पट्टी घेऊन प्लेट मोजली. कागदावर ठेवून तिचा गोल काढला, दात मोजले, दहा भरले. शेव्हरोलेचं एक फाटकं पुस्तक मिळवून नंबर शोधला आणि तोही खाली लिहिला. भाऊजींना म्हटलं, हा कागद दाखवा, लहान पोरसुद्धा प्लेट काढून देईल. कागद घेऊन ते नागपूरला गेले. पोळ्याचा दुसरा दिवस होता तो. ज्याच्या दारात बैल नाही त्याला कसला पोळा, असं ते म्हणायचे.

मी त्या दिवशी सौंसरला बहिणीकडेच होतो. पांढुर्ण्यात त्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची गोटमार असते आणि मला दगडांची हौस नाही. घरात भाची रजनी बाळंतपणाला आलेली. आधीची दोन पोटातच गेली होती, हे तिसरं. सकाळी लोक दारातल्या पळसाच्या फांद्या, मोडके झाडू, फुटकी सुपं उचलून 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेबाहेर निघाले. घरातली इडापिडा त्या वस्तूंबरोबर जाते अशी समजूत. बहिणीनं इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवलेली ती जळकी प्लेट उचलली. रजनीला उंबऱ्यात उभी केली, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा ती तिच्यावरून उतरवली आणि माझ्या हातात दिली. मी हसलो. तिनं असं पाहिलं की हसू घशातच राहिलं. मग मी, मॅट्रिक पास सरकारी नोकर, ती प्लेट घेऊन पोरासोरांबरोबर शिवेवरच्या नाल्यापलीकडे गेलो आणि फांद्यांच्या ढिगावर फेकून आलो.

भाऊजी नवी प्लेट घेऊन आले. गोल बरोबर, दात दहा, पण दांड्यावर जाईना. दात जाडीला वेगळे होते, आणि दातांना जाडी असते हे माझ्या पट्टीला सुचलं नव्हतं. जुनी प्लेट मारबतीबरोबर गेल्याचं कळलं तेव्हा भाऊजी म्हणाले, जळकं लोखंड, गेलं तर गेलं, तसाही तुझा कागद आहेच. कागदावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मग सात आठवडे ते फिरले. इटारसी, जबलपूर, अमरावती. फोर्डची आणली, डॉजची आणली, एक कुठल्या तरी फौजी जीपचीही आणली. ओसरीवर प्लेटी मांडलेल्या असायच्या, भांड्यांच्या दुकानासारख्या. एकही बसेना.

नागपुरात यशवंतराव नावाचे एक जुने मेकॅनिक होते, लढाईतल्या गाड्यांचे जाणकार. सगळे म्हणायचे त्यांच्याकडे जा. पण एकोणपन्नास साली भाऊजींचा गिअरबॉक्स फुटला होता तेव्हा गाडी त्यांच्याकडेच दुरुस्त झाली होती, आणि चार माणसांत ते भाऊजींना म्हणाले होते की तुम्ही ट्रक नाही, बैलबंडी हाकता. भाऊजींनी तेव्हाच शपथ घेतली की याच्या गॅरेजची पायरी चढायची नाही. सात वर्षं चढले नाहीत. चोवीस ऑक्टोबरला मी रजा टाकली, त्यांचा हात धरला आणि ओढत नेलं.

यशवंतरावांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. नव्या प्लेटीच्या भोकात बोट घालून म्हणाले, ही जन्मात बसणार नाही. तुमचं इंजिन शेव्हरोलेचं आहे, पण मी गिअरबॉक्स बसवला तो दुसऱ्याच गाडीचा. कुठली गाडी, ते त्यांनाही माहीत नव्हतं, तुटक्या मालाच्या ढिगातून उचलला होता. त्याच्याच प्लेटीचा मधला दातांचा तुकडा त्यांनी कापून शेव्हरोलेच्या चकतीत रिव्हेटनं बसवला होता. तसा तुकडा दुसरा नाही. नवे दात पाडायचे तर मुंबईला पाठवावं लागेल, दीड महिना. मग पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, काळजी कशाला करता, जुनी प्लेट आणा, तुकडा काढून नव्या चकतीत बसवतो, तासाभराचं काम आहे.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. सात आठवड्यांपूर्वी त्यांनी मान खाली घालून ही पायरी चढली असती तरीही उपयोग नव्हता, कारण तेव्हाही ती प्लेट नाल्यापलीकडेच होती. मी तेवढ्यानं स्वतःची समजूत घालायला लागलो. वास्तविक सात आठवड्यांपूर्वीचं ते फेकणं माझ्याच हातचं होतं.

परतीच्या गाडीत मी सांगत होतो की लोखंडाला पाय नसतात, नाल्याकाठी पडलेली असेल, उद्या उचलून आणू. लोधीखेड्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "कोणाच्या नावानं टाकली होती?"

मी म्हटलं, रजनीच्या. केसरबाईनं तिच्यावरून उतरवली होती.

"मंग संपलं," ते म्हणाले. "उतरवून टाकलेली वस्तू उचलाची नसते, मोरेश्वर. उचलली म्हणजे बोलावलीच."

मला इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड केलं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगणारा माणूस, आणि एका जळक्या चकतीला घाबरतो! बरं, समजावून सांगावं तर त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता हिशेब मिटवल्याचा थकवा होता. दोन नातवंडं पुरलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, ते मला कुठल्या परीक्षेत शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला म्हणून मी एकटाच नाल्यापलीकडे गेलो. सडलेल्या पळसाच्या फांद्यांखाली प्लेट होती. वरून गंजलेली, पण दात शाबूत. पिशवीत टाकली. नागपूरची गाडी आता सकाळीच होती. खरं तर पिशवी नाल्याकाठच्या झुडपात लपवून सकाळी उचलता आली असती. मी मुद्दाम ती घरी नेली. माझी पिशवी नेहमी ओसरीवरच्या खाटेखाली असते, तिथेच सरकवली. खाटेवर रजनी पडली होती. "मामा, काय आणलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, स्टेशनचं सामान. मला स्वतःलाच दाखवायचं होतं की काही होत नसतं. रात्रभर ती प्लेट रजनीच्या खाटेखाली होती, आणि सकाळी सगळे नेहमीसारखे उठले. मी मनातल्या मनात भाऊजींना चार उपदेश केले आणि गाडी पकडली.

यशवंतरावांनी तुकडा काढून, घासून, नव्या चकतीत बसवून दिला. त्यांच्याकडे कामाची रांग होती, त्यामुळे एकोणतीस तारखेला ती हातात पडली. त्या दिवशी भाऊजी सौंसर स्टेशनवर मला घ्यायला आले होते. मी प्लेट दाखवली. त्यांनी हात पुढे केला नाही. तुकडा कुठला ते विचारायची गरजच नव्हती, जगात तसा एकच होता.

मी फलाटावरच वकिली सुरू केली. म्हटलं, मी ती नाल्यावरून उचलून परस्पर स्टेशनवर नेली, तिथून नागपूर. शिवेच्या आत आणलीच नाही. आताही नेणार नाही. आपण गाडीच बैलांनी ओढून शिवेबाहेर नेऊ, तिथे प्लेट बसवा, तिथूनच नागपूर गाठा, आणि रजनीचं सगळं आटोपेपर्यंत गाडी पांढुर्ण्याला माझ्या स्टेशनच्या आवारात उभी ठेवा. वस्तू घरात येतच नाही, मग बोलावणं कसलं? मग त्यांनी प्लेट हातात घेतली आणि सदऱ्याच्या टोकानं दात पुसले. सात आठवड्यांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. मला वाटलं, जिंकलो. त्या क्षणी मी खरोखर खूष होतो, हे मी नाकारत नाही. प्लेट त्या रात्री नाल्यापलीकडच्या झुडपातच राहिली.

तीस तारखेला सकाळी शेजारच्या गुणवंताच्या दोन बैलजोड्या लावून गाडी नाल्यापलीकडे नेली. लोकांनी चेष्टा केली, भाऊजींनीही उलट चार टोमणे मारले. मग ते गाडीखाली शिरले. मी बाहेरून स्पॅनर देत होतो, चुकीचा दिला की शिव्या खात होतो, आणि त्या शिव्या मला गोड लागत होत्या. ओढून नेण्यापुरता चढवलेला गिअरबॉक्स दुपारपर्यंत पुन्हा उतरला. आता प्लेट बसवायची, गिअरबॉक्स चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नागपूर. धनत्रयोदशी जवळ आली होती, ऑफिस उघडं असणार हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.

गुणवंता बैलांना पाणी दाखवायला गावात गेला होता. तो परत आला तो पळतच. रजनीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायला अजून तीन आठवडे असताना. सुईण म्हणत होती, मूल पायाळू आहे, आधी पाय लागून राहिले.

भाऊजी गाडीखालून बाहेर आले. प्लेट त्यांच्या हातातच होती. गुणवंताला त्यांनी घरी पाठवलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. हात ग्रीसनं काळे, तोंडाला घाम.

"मोरेश्वर, एकच विचारून राहिलो. हे शिवेच्या आत आणली होती का तू?"

"नाही म्हटलं ना."

"रजनीची आण घेऊन सांग."

आणाभाकांवर माझा विश्वास नव्हता. आज तोंडानं म्हणायला किती सोपं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. खरं सांगितलं असतं, तर या माणसाला वाटलं असतं की संकट घरात येऊन बसलंय, पोर गेलंच, आणि ते आपल्या गाडीपायी गेलं. ते मला त्याच्या डोळ्यांत पाहायचं नव्हतं. आणि खोटं बोललो तर तो निर्धास्त होऊन प्लेट बसवील, असा माझा अडाणी अंदाज होता. मी म्हटलं, "रजनीची आण. आणली नाही."

त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"मंग अजून हातातली गोष्ट हाये," ते म्हणाले.

आणि ते खाली बसले. प्लेट दगडावर ठेवली, छन्नी लावली आणि हातोडा मारला. मी धावलो, त्यांचा दंड धरला, ओरडलो की उद्या शेवटचा दिवस आहे, भाऊजी, उद्या शेवटचा दिवस. त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं, रागानं नाही, कामात मध्ये येणाऱ्याला सारतात तसं. एकेक दात त्यांनी मोडला. दहाच्या दहा. मग उठून ती चकती नाल्याच्या डोहात टाकली, हात धुतले आणि गावाकडे चालू लागले. एकदाही गाडीकडे वळून पाहिलं नाही.

मी कितीतरी वेळ उघड्या गिअरबॉक्सशेजारी बसून होतो. मग मलाही घराकडे जावं लागलं. ओसरीवर भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, अगदी शांत. मी मात्र बसू शकत नव्हतो. आतून रजनीच्या किंकाळ्या येत होत्या आणि माझी नजर सारखी त्या रिकाम्या खाटेखाली जात होती. ज्याचा कशावर विश्वास नाही तो मॅट्रिक पास पार्सल क्लार्क मनात म्हणत होता की आण माझी खोटी होती, तर भोगणं माझ्या वाट्याला येऊ दे, तिच्या नको. तासभर मी हेच म्हणत होतो. याची मला आजही लाज वाटते, आणि लाज नेमकी कशाची, विश्वास ठेवल्याची की खोटं बोलल्याची, हे कळत नाही.

दिवेलागणीला मूल रडलं. मुलगी, एवढीशी, पण जिवंत. बहीण बाहेर आली आणि नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. प्लेट मोडल्याचं भाऊजींनी गुणवंताला सांगितलं होतं आणि त्यानं तिला.

एकतीस तारीख आली आणि गेली. एक तारखेला आम्ही नव्या राज्यात गेलो, म्हणजे होतो तिथेच राहिलो. नागपुरातल्या त्या बाबूकडे मी तरीही एकदा जाऊन आलो, हातापाया पडून पाहिलं. त्याची फाइल तोवर बांधून निघूनही गेली होती, कुठे ते त्याला सांगता येईना. भाऊजींनी परमिटाचं नाव पुन्हा काढलं नाही. गाडी शिवेबाहेरच राहिली. पहिल्या वर्षी चाकं गेली, मग फळ्या, शेवटी भंगारवाल्यानं इंजिन नेलं. भाऊजी पांढुर्ण्याला संत्र्याच्या वखारीवर राखणदार झाले. दुसऱ्यांचे ट्रक आले की फाटक उघडायचं आणि गेले की लावायचं. सुरुवातीला ड्रायव्हर लोक त्यांना राम राम करायचे. पुढे नवे ड्रायव्हर आले, ते नुसता हॉर्न वाजवायचे.

मुलीचं नाव प्रतिभा ठेवलं. ती सहा वर्षांची असताना एकदा ते तिला घेऊन स्टेशनवर आले, माझ्या टेबलाजवळच्या पेटीवर बसले. माल घेऊन आलेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी नेहमीची गोष्ट सांगितली, की एका बाजूला ट्रक होता आणि एका बाजूला ही, मी ट्रक देल्ला अन् हिले घेतलं. तो माणूस कौतुकानं मान हलवून गेला. पोरगी पेटीवर पाय हलवत होती. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "माह्यापेक्षा तुह्ये उपकार जास्त, मोरेश्वर. त्या दिवशी तू खरं सांगितलं, म्हणून ते मोडाची मले हिंमत झाली. तू आतमंधी आणली असती, तर मंग मोडून तरी काय कामाचं होतं?"

मी म्हटलं, हो, काही कामाचं नव्हतं. मग पुढची चिठ्ठी घेतली आणि टोपलीवर डकवली.